उभी गाडी कुणाच्या ताब्यात? स्वारगेटचं प्रकरण

एसटीच्या लाल गाडीत बसलं की आधी नजर जाते ती पाट्यांवर. चालत्या गाडीत चढू-उतरू नये. हात किंवा डोकं खिडकीबाहेर काढू नये. चालकाशी बोलू नये. मागे लाल अक्षरांत ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’. पुणे–वाई प्रवासात लहानपणी मी याच पाट्यांवर जोडाक्षरं घोटली. मध्यंतरी त्या पुन्हा वाचताना जाणवलं की सगळा उपदेश धावत्या गाडीपुरता आहे. गाडी फलाटाला किंवा कोपऱ्यात नुसती उभी असेल तेव्हा काय करावं, काय करू नये, याची पाटी कुठेच नाही.

हे प्रकरण उभ्या गाडीचं आहे. ठिकाण पुण्याचं स्वारगेट एसटी स्थानक. तारखा दोन: २५ जानेवारी २०१२ आणि २५ फेब्रुवारी २०२५. पहिल्या दिवशी एका चालकाने तिथली एक उभी बस पळवून शहरात नऊ माणसं चिरडली. दुसऱ्या दिवशी तिथल्याच एका उभ्या बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला. पहिल्या घटनेवर ‘माथेफिरू चालक’ असा शिक्का बसला, दुसरी ‘महिला सुरक्षा’ या सदरात गेली. मी दोन्ही एकत्र मांडतोय, कारण गुन्हा घडण्याच्या आधीचा क्षण दोन्हीकडे सारखाच आहे. बस उभी होती, आणि ती त्या क्षणी नक्की कुणाच्या ताब्यात आहे, हे विचारणारं कुणी तिथे नव्हतं.

चावी

२०१२ सालचा तो बुधवार, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशीची सकाळ. संतोष माने हा एसटीचा चालक स्वारगेट आगारात कामाला होता. रात्रपाळी बदलून द्या, ही त्याची विनंती मान्य झाली नव्हती, असं पुढे खटल्यात आलं. त्याला नेमून न दिलेल्या एका रिकाम्या गाडीत तो चढला, ती चालू केली आणि फाटकातून बाहेर काढली. मग गोळीबार मैदान, कॅम्पचा भाग, काही ठिकाणी उलट्या दिशेने, समोर येईल त्या दुचाकीला, रिक्षाला, पायी माणसाला उडवत. पोलीस मागे लागले, गोळ्याही झाडल्या. पाठलाग करणारा एक तरुण विद्यार्थी धावत्या बसमध्ये घुसला, तेव्हा कुठे नीलायम पुलाच्या परिसरात ती थांबली. नऊ जण गेले, तिसाहून अधिक जखमी झाले.

पुढची कोर्टकचेरी अनेकांना आठवत असेल. बचाव पक्षाने मानसिक आजाराचा मुद्दा मांडला. सत्र न्यायालयाने २०१३ मध्ये फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ती कायम केली आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तिचं रूपांतर जन्मठेपेत केलं. सात वर्षं चर्चा त्या एका माणसाभोवती फिरली. तो वेडा होता का, त्याला फाशी द्यावी का, चालकांची मानसिक तपासणी व्हावी का. हे प्रश्न फालतू नव्हेत. चालकांची पाळी, झोप, रजा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि तो कुणीतरी लिहायलाच हवा.

पण आगाराच्या दृष्टीने प्रश्न याहून कितीतरी लहान होता. जी गाडी त्याच्या नावावर नव्हती, ती त्याला चालू कशी करता आली?

उत्तर अगदीच रुक्ष आहे. त्याच्याजवळच्या चावीने ती गाडी चालू झाली. जुन्या डिझेल बसची चावी घराच्या कुलपासारखी नसते. तिचं काम बटणाचं: फिरवली की बॅटरीचा प्रवाह स्टार्टरकडे जातो आणि इंजिन फिरतं. डिझेल पंप यांत्रिक असेल तर पुढे कुणाची परवानगी लागत नाही. इंजिनाचा कारभार इलेक्ट्रॉनिक झाल्यावर चावी ओळखीची आहे की नाही हे गाडीलाच तपासायला लावता येऊ लागलं, तोवर नाही.

आणि एका चावीने अनेक गाड्या चालू होणं हा कुणाला दोषही वाटत नव्हता. पहाटे पाचला एक गाडी बंद पडली तर वाहतूक नियंत्रक म्हणणार, ती शेजारची काढ. त्या शेजारच्या गाडीची चावी रात्री घरी गेलेल्या चालकाच्या खिशात राहिली असेल, तर पन्नास माणसं फलाटावर ताटकळणार. वेळेवर गाडी सोडायची म्हणजे कुठलीही गाडी कुणालाही काढता आली पाहिजे. चावी वक्तशीरपणासाठी सैल ठेवलेली होती. फाटकावरच्या पहारेकऱ्याचंही तसंच. तो बाहेरच्या माणसाला आत येऊ न देण्यासाठी असतो. खाकी कपड्यातला चालक आपल्याच आगाराची गाडी घेऊन निघाला तर तो वाट मोकळी करूनच देणार.

माझ्या ओळखीतले एक निवृत्त वाहतूक नियंत्रक आहेत, आम्ही त्यांना नाना म्हणतो. सगळी नोकरी पुण्याबाहेरच्या एका आगारात झाली. त्यांना विचारलं, “नाना, फलाटाला लागलेली गाडी कुणाच्या ताब्यात?”

“ड्रायव्हरच्या.”

“आणि ड्रायव्हर चहाला गेला की?”

“तरी ड्रायव्हरच्याच. कागदावर.” मग स्वतःच हसले. “अरे, गाडी आत आली की आम्ही वेळ लिहायचो, बाहेर पडली की वेळ लिहायचो. मधे ती कुठं उभी आहे ते ओरडून विचारल्याशिवाय कळायचं नाही.”

नानांच्या वहीत गाडी आत आल्याची एक वेळ आहे, बाहेर पडल्याची एक. या दोन नोंदींच्या मधल्या कोऱ्या जागेत हे सगळं प्रकरण मावतं.

उतारावरचे डबे

उभी गाडी धोक्याची असते हे वाहतुकीला कधी कळलंच नाही असं नाही. कळलं, पण अर्धंच. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्मागजवळ सहलीच्या मुलांनी भरलेली आगगाडी चढावर अडकली. गाडी दोन तुकड्यांत वर न्यावी म्हणून मागचे डबे सोडवून तिथेच उभे केले. त्या काळच्या साध्या निर्वात ब्रेकची गोम अशी की इंजिनापासून तुटलं की ब्रेक सुटायचा. उरला हातब्रेक आणि चाकांखाली ठेवलेले दगड. पुढचा भाग सुटताना किंचित मागे आला, त्याचा धक्का बसला आणि डबे उतारावरून घरंगळत मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जण गेले, त्यांत बरीचशी मुलं. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा सलग ब्रेक सक्तीचा केला. नळी तुटली की ब्रेक सुटण्याऐवजी लागला पाहिजे. आज बसचा चालक हातब्रेक ओढतो तेव्हा जो ‘फुस्स’ आवाज येतो, त्यातही तेच तत्त्व आहे: हवा सोडली की स्प्रिंग चाक धरून ठेवते.

रेल्वेने दुसरी गोष्टही फार आधी शिकून घेतली. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून चालकाच्या हातात टोकन द्यायचं. आपल्याकडे कितीतरी मार्गांवर हा लोखंडी गोळा चामडी पिशवीत घालून मोठ्या कडीला अडकवलेला असे, आणि धावत्या इंजिनातून हात काढून तो उचलताना पाहणं ही पोरांची करमणूक होती. स्टेशनातल्या यंत्रातून एका वेळी एकच गोळा निघणार. तो ज्याच्याकडे, मार्ग त्याचा. म्हणजे अधिकार ही हातात धरता येणारी वस्तू झाली, आणि ती दोघांकडे असूच शकत नव्हती. एसटीच्या चावीचं नेमकं उलट होतं. ती सगळ्यांकडे होती.

आपला मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम १२६ उभ्या वाहनांचंच आहे. सार्वजनिक जागी वाहन उभं करायचं तर चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा किंवा तशी दुसरी तजवीज हवी, जेणेकरून चालक नसताना ते ‘अपघाताने’ चालू होणार नाही. अपघाताने. आर्मागचा धडा सव्वाशे वर्षांनीही त्या एका शब्दात बसलेला दिसतो. कुणी जाणूनबुजून गाडी चालू केली तर, किंवा चालू न करता नुसतंच आत शिरलं तर, याचा विचार त्या कलमात नाही.

दार

२०१२ च्याच डिसेंबरमध्ये दिल्लीत चालत्या खासगी बसमध्ये झालेल्या सामूहिक बलात्काराने देश हादरला. २०१३ मध्ये निर्भया निधी आला. पुढे सार्वजनिक प्रवासी वाहनांत ठावठिकाणा सांगणारं यंत्र आणि संकटकाळी दाबायचं बटण बसवण्याचा नियम झाला आणि १ जानेवारी २०१९ पासून नव्या वाहनांना लागू झाला. योग्यच होतं. पण याही वेळी डोळ्यांसमोर चित्र होतं ते रस्त्यावर धावणाऱ्या बसचं. बटण दाबल्यावर पलीकडे ऐकणारं कुणी हवं, ही अडचण वेगळी. स्थानकात दिवे मालवून उभ्या असलेल्या गाडीचा त्या चित्राशी संबंध नव्हता.

पुणं या काळात कॅमेऱ्यांचं शहर होत गेलं. २०१० चा जर्मन बेकरीतला स्फोट आणि ऑगस्ट २०१२ मधले जंगली महाराज रस्त्यावरचे स्फोट यानंतर चौकाचौकांत कॅमेरे लागले. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, आणि पहाटेच्या गाड्यांना बायकांची गर्दी वाढलेली माझ्यासारख्या रोजच्या प्रवाशाला नुसत्या डोळ्यांनी दिसली. २९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटचं भुयारी मेट्रो स्थानकही सुरू झालं.

अशा स्वारगेटला २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे, उजाडण्याआधी, एक तरुणी गावाकडच्या गाडीची वाट पाहत होती. पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार एक माणूस जवळ आला, ‘ताई’ म्हणून बोलू लागला, आणि तुमची गाडी इथे लागत नाही, तिकडे लागलीय, असं सांगून तिला आवारात उभ्या असलेल्या एका शिवशाहीकडे घेऊन गेला. आत अंधार होता. तिथेच तिच्यावर बलात्कार झाला. दोघे चालत जाताना कॅमेऱ्यात दिसले, आणि त्यावरून संशयिताची ओळख पटायला मदत झाली. पोलीस ठाणं हाकेच्या अंतरावर होतं. संशयित तीन दिवसांनी शिरूर तालुक्यातल्या एका गावाच्या शिवारात सापडला. निकाल देणं न्यायालयाचं काम आहे, त्यामुळे त्याबद्दल इथे इतकंच.

नंतरच्या दिवसांत एक प्रश्न चहाच्या टपरीपासून वाहिन्यांपर्यंत सगळीकडे ऐकला: ती त्या गाडीत गेलीच कशी? ज्यांनी तो विचारला ते बऱ्याच वर्षांत एसटीने गेले नसावेत. आपल्या कुठल्याही स्थानकावर गाडीची माहिती तोंडी चालते. लाऊडस्पीकरवरचं ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ एवढंच स्पष्ट ऐकू येतं, पुढचं सगळं खरखरीत विरघळतं. म्हणून आपण शेजारच्याला विचारतो, शेजारचा मास्तरांना विचारतो, कुणीतरी लांबून सांगतं, “अहो, ती तिकडं लागलीय, पळा!” आणि आपण पळतो. ताई, मावशी, काका ही तिथली रोजची भाषा आहे. त्या माणसाने काही वेगळी युक्ती लढवली नाही. स्थानकाची रीतच त्याने वापरली.

रुमाल

दार उघडं का होतं? निष्काळजीपणा, असं म्हणून हा विषय मिटवता येतो. मला ते अपुरं वाटतं.

उभ्या एसटीत बसून राहणं ही आपली जुनी सवय आहे. गाडी फलाटाला लागायच्या आधीच माणसं खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, प्रसंगी पोरगंसुद्धा आत टाकून जागा धरतात. सुटायला अर्धा तास असला तरी म्हातारी माणसं आत जाऊन बसतात, कारण बाहेरचा बाक भरलेला असतो किंवा पावसाने भिजलेला. मुक्कामी गाडी गावात पोचली की चालक-वाहक रात्री तिच्यातच आडवे होतात. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली, तेव्हापासून ही गाडी वाहन तर आहेच, शिवाय थोडीशी धर्मशाळाही आहे. तिचं दार बंद ठेवा म्हणणं सोपं. पण फलटणच्या उन्हात पंच्याहत्तरीची आजी पिशव्या घेऊन बंद दारासमोर उभी आहे, हे चित्रही मग मान्य करावं लागेल.

मेट्रोशी तुलना करायचा मोह होतो. तिथे तिकीट घेऊन आत गेलेल्या माणसाला उभी, रिकामी, अंधारी गाडी भेटतच नाही. गाड्या मुक्कामाला असतात वनाज आणि रेंज हिल्सच्या डेपोत, तिथे प्रवाशाला वाटच नाही. गाडी उभी करायची जागा आणि माणसं चढायची जागा पहिल्यापासून वेगळी आखली. जुन्या एसटी स्थानकांत या दोन्ही जागा एकमेकींत मिसळलेल्या असतात. समोर फलाट, मागे आगार, मधे मोकळं आवार, आणि त्या आवारात सुटायची गाडी, धुवायची गाडी, बंद पडलेली गाडी आणि भंगारात जाणारी गाडी शेजारी शेजारी. नवख्या माणसाला त्यातली जिवंत कुठली हे कळायचं कसं?

पुढे काय केलं

२०२५ च्या घटनेनंतर आंदोलन झालं, सुरक्षारक्षकांची केबिन फोडली गेली. आवारातल्या जुन्या, बंद गाड्यांमध्ये काय काय सापडलं त्याची वर्णनं वृत्तपत्रांतून आली. तिथे काहीतरी चालतं हे कुणाला माहीत नव्हतं, असं ती वाचताना वाटत नव्हतं. परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी स्वारगेटचे २३ सुरक्षारक्षक बदलण्याचे आदेश दिले, राज्यातल्या सगळ्या स्थानकांची सुरक्षा तपासणी करायला सांगितलं, महिला सुरक्षारक्षक वाढवायचं ठरलं, आणि आवारांत उभ्या असलेल्या भंगार गाड्या १५ एप्रिलपर्यंत हलवा असं सांगितलं गेलं.

यातला रक्षक बदलण्याचा निर्णय मला सगळ्यांत कच्चा वाटतो. माणसं बदलली तरी त्यांनी नेमकं काय पाहायचं हे बदललं का? पहाटे साडेपाचला एक पुरुष आणि एक बाई उभ्या गाडीकडे चालत जाताना दिसले तर त्यात हटकण्यासारखं काय आहे? काहीच नाही, दिवसाकाठी हजार वेळा तेच दिसतं. जोवर त्या गाडीत या वेळी कुणीच असता कामा नये असा नियम नाही, तोवर सगळ्यांत डोळस रक्षकालाही काही वेगळं दिसणार नाही. कॅमेऱ्याचं तेच झालं. त्याने सगळं टिपलं, पण त्या क्षणी गैर असं काही त्यात नव्हतं.

भंगार गाड्या हटवणं, हा वरवर कारकुनी वाटणारा आदेश मात्र मुळाला हात घालतो. रिकामी पेटीच नाहीशी झाली तर तिच्यावर पहारा लागत नाही.

नानांना मी विचारलं, तुमच्या हातात असतं तर? त्यांनी फारसा विचार न करता सांगितलं. फलाटावर दार उघडं, फलाटाबाहेर दार बंद. गाडी फलाटाला लागली की वाहकाने दाराशी थांबायचं, मगच माणसं चढवायची. ती बाजूला घेतली की आतून फेरी मारायची, दार लावायचं, आणि चावी खिशात न ठेवता नियंत्रकाच्या खोलीत खिळ्यावर टांगायची, प्रत्येक खिळ्याखाली गाडीचा नंबर. ज्याला गाडी हवी त्याने सही करून चावी न्यायची.

“म्हणजे रेल्वेचा गोळाच की, नाना.”

“कसला गोळा?” त्यांना टोकनची गोष्ट माहीत नव्हती. स्वतःच्या डोक्याने ते तिथवर पोचले होते. मग जरा थांबून म्हणाले, “पण सकाळी पाचला चार गाड्या एकदम सुटायच्या असतात बघ. सही करायला कोण थांबणार? पहिले आठ दिवस करतील. नवव्या दिवशी चाव्या परत खिशात.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सह्या घेणारा एक जास्तीचा माणूस द्या, असं मी म्हणालो. नानांनी नुसती मान हलवली. आगारात जास्तीचा माणूस नावाची वस्तू त्यांनी सगळ्या नोकरीत पाहिली नव्हती.

हे सगळं टिपून झाल्यावर एका पहाटे स्वारगेटला गेलो होतो, वाईची गाडी धरायला. थंडी होती, चहावाल्याच्या स्टोव्हभोवती माणसं हात शेकत उभी होती. पाठीवर पिशवी घेतलेली एक मुलगी, कॉलेजातली असावी, थेट माझ्यापाशी आली.

“काका, भोरची गाडी कुठं लागते?”

मला माहीत होतं. हात उचलून दाखवणारच होतो, आणि तो अर्ध्यातच राहिला. “चौकशीच्या खिडकीत विचार ना बाळा,” मी म्हणालो, “तिथं नक्की सांगतील.”

तिने खिडकीकडे पाहिलं. पुढे सहा-सात जण उभे होते. “राहू दे काका,” म्हणाली, आणि माझ्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाकडे वळली.